शिक्षकांचा करार आणि मुख्याध्यापकांची खुर्ची

सकाळचे ७ वाजून ४० मिनिटं. शाळा भरायला २० मिनिटं आहेत. मुख्याध्यापिकेच्या फोनवर निरोप येतो: विज्ञानाच्या बाईंना ताप आहे, आज येणं जमणार नाही. बदली शिक्षकांच्या यादीतल्या दोघांना फोन होतात. एक उचलत नाही, दुसरा आज दुसऱ्या शाळेत गेला आहे. म्हणजे दुसऱ्या तासाला २९ मुलं वर्गात शिक्षकाविना बसणार. वेळापत्रक बघितलं तर त्या तासाला गणिताचे सर मोकळे दिसतात. मोकळे म्हणजे तयारीच्या तासिकेवर. वह्या तपासायच्या, पुढच्या धड्याची आखणी करायची, त्यासाठी राखलेला वेळ. मुख्याध्यापिका त्यांच्या दाराशी जातात. "सर, आज दुसरा तास सांभाळाल का?"

साधा प्रश्न वाटतो. पण सरांना "नाही" म्हणता येतं का? तास घेतला तर जादा पैसे मिळतात का? याच आठवड्यात तिसऱ्यांदा त्यांनाच विचारलं असेल तर? अमेरिका, कॅनडा आणि इतर अनेक देशांतल्या सरकारी शाळांमध्ये या प्रश्नांची उत्तरं मुख्याध्यापिकेच्या मर्जीवर अवलंबून नसतात आणि सरांच्या चांगुलपणावरही नसतात. ती शिक्षक संघटना आणि शालेय मंडळ यांच्यात झालेल्या लेखी करारात असतात. तो करार ठरला तेव्हा मुख्याध्यापिका बहुधा त्या खोलीतही नव्हत्या.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. ज्यांनी करार रोज चालवायचा, त्यांचा तो करण्यात हात फार कमी असतो. तरीही तो चांगला निघाला की वाईट, हे ज्यांच्या वागण्यावर सगळ्यात जास्त ठरतं तेही तेच.

वाटाघाटी होतात कशा

सामूहिक वाटाघाटी म्हणजे प्रत्येक शिक्षकाने आपापला पगार, तास आणि रजा वेगवेगळ्या न ठरवता सगळ्यांच्या वतीने संघटनेने एकदाच ठरवणं. टेबलाच्या एका बाजूला संघटनेचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला नोकरी देणारा. अमेरिकेत हा मालक म्हणजे जिल्ह्याचं शालेय मंडळ. (इथे जिल्हा म्हणजे एका मंडळाच्या हाताखालच्या शाळांचा विभाग.) मंडळाच्या बाजूने सहसा वकील, मनुष्यबळ विभागाचे अधिकारी आणि हिशेब सांभाळणारे लोक बसतात. दोन-तीन वर्षांसाठी करार होतो. त्यात पगाराची श्रेणी, कामाचे तास, रजा, आरोग्य विमा, बदलीचे नियम, मूल्यमापनाची पद्धत आणि तक्रार कशी मांडायची हे सगळं येतं.

या वाटाघाटींमागे आंतरराष्ट्रीय आधारही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ९८ वा करारनामा १९४९ चा. तो संघटित होण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटींच्या हक्काविषयी आहे. पुढे ५ ऑक्टोबर १९६६ रोजी युनेस्को आणि कामगार संघटनेने मिळून शिक्षकांच्या दर्जाविषयी शिफारस मंजूर केली. शिक्षकांचे पगार आणि कामाच्या अटी शिक्षक संघटना व मालक यांच्या वाटाघाटींतून ठरवाव्यात, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला असतो, तो याच तारखेमुळे.

सगळ्याच विषयांवर बोलणी करता येतात असं मात्र नाही. काही विषयांवर बोलावंच लागतं, काहींवर दोघांची तयारी असेल तर बोलता येतं, आणि काहींवर कायद्यानेच बंदी असते. या तीन कप्प्यांत कोणता विषय कुठे बसतो हे राज्यागणिक बदलतं. वर्गात मुलं किती असावीत, हेच घ्या. शिक्षकाला तो कामाच्या ओझ्याचा प्रश्न वाटतो, मंडळाला धोरणाचा. शिकागोमध्ये १९९५ च्या कायद्याने असे काही विषय सक्तीच्या बोलणीतून बाहेर काढले होते, ते २०२१ मध्ये परत आले. मधल्या काळात, २०१९ साली, तिथल्या शिक्षकांनी शाळेचे ११ दिवस संप केला, आणि त्यांच्या मुख्य मागण्यांत वर्गातल्या मुलांची संख्या होतीच.

मुख्याध्यापक नेमके कोणाचे?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेत १९३५ च्या वॅग्नर कायद्याने खासगी क्षेत्रातल्या कामगारांना संघटना करून वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. सरकारी नोकर त्यातून वगळलेले होते, म्हणजे सरकारी शाळांतले शिक्षकही. १९४७ मध्ये टाफ्ट-हार्टली कायदा आला आणि त्याने पर्यवेक्षकांना, म्हणजे कामगारांवर देखरेख करणाऱ्या मुकादम-फोरमन मंडळींना, या संरक्षणातून बाहेर ठेवलं. एकाच माणसाने कामावर लक्षही ठेवायचं आणि त्याच कामगारांच्या संघटनेतही बसायचं हे जमणार नाही, असा त्यामागचा विचार. कारखान्यासाठी आखलेली ही रेघ पुढे शाळेपर्यंत आली.

सरकारी नोकरांच्या वाटाघाटींना कायद्याने मान्यता देणारं पहिलं राज्य विस्कॉन्सिन, १९५९ साली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनाने सरकारी नोकरांशी असे करार करण्यावर बंदी घातली आणि ती अजून आहे. म्हणजे या विषयात "अमेरिकेत असं असतं" असं एका वाक्यात सांगताच येत नाही. खरी ठिणगी पडली न्यूयॉर्क शहरात. नोव्हेंबर १९६० मध्ये तिथल्या शिक्षकांनी एक दिवसाचा संप केला, १९६१ च्या शेवटी निवडणुकीने त्यांची संघटना अधिकृत ठरली आणि १९६२ मध्ये करार झाला. मग ही लाट शहरामागून शहर करत पसरली.

तोवर मुख्याध्यापक आणि शिक्षक बऱ्याच ठिकाणी एकाच छताखाली होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेत शिक्षक, मुख्याध्यापक, अधीक्षक (जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्य अधिकारी) सगळेच सभासद असत, आणि वर्षानुवर्षं सूत्रं प्रशासकांच्याच हाती होती. वाटाघाटी आल्या आणि हे छत टिकेना. कालपर्यंत सोबत बसणाऱ्यांपैकी एक आता तक्रार करणार आणि दुसरा तिचं उत्तर देणार. १९७० च्या दशकात मुख्याध्यापकांच्या संस्था वेगळ्या झाल्या.

कॅनडात ही फारकत कायद्याने, एका फटक्यात झाली. ब्रिटिश कोलंबियाने १९८७ मध्ये मुख्याध्यापकांना शिक्षक संघटनेबाहेर काढलं. ऑन्टारियोत १९९७ मध्ये सरकारने शिक्षणाचा मोठा कायदा आणला. त्याच्या विरोधात शिक्षकांनी दोन आठवडे शाळा सोडल्या, आणि बरेच मुख्याध्यापकही त्यांच्यासोबत बाहेर पडले. सरकारने पुढच्याच वर्षी मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापकांना शिक्षक संघटनांच्या बाहेर केलं. काल ज्यांच्यासोबत फलक धरून उभे होतो, आज त्यांच्या मूल्यमापनाच्या कागदावर एकट्याने सही करायची. कायद्याची भाषा कोरडी असते, पण शाळेच्या खोल्यांमध्ये हा बदल कसा उतरला असेल याचा विचार केला की मन जड होतं.

आता पुढचं वळण बघा. मुख्याध्यापक व्यवस्थापनाचे म्हणून वेगळे झाले, पण व्यवस्थापनाच्या खोलीत त्यांना जागा मिळतेच असं नाही. कागदावर ते मंडळाच्या बाजूचे, प्रत्यक्षात मंडळाचा निर्णय त्यांना बाकी सगळ्यांसोबत ईमेलने कळतो. त्यामुळे बऱ्याच मुख्याध्यापकांनी स्वतःच्या संघटना काढल्या. न्यूयॉर्क शहरातली पर्यवेक्षक आणि प्रशासकांची संघटना १९६२ पासूनची आहे आणि शहराशी करारही करते. १९७६ मध्ये शाळा प्रशासकांच्या राष्ट्रीय संघटनेला अमेरिकेच्या मोठ्या कामगार महासंघाने सामावून घेतलं. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांची संघटना १८९७ सालची. शिकागोच्या मुख्याध्यापकांना मात्र संघटनेचा हक्क देणारा कायदा इलिनॉयच्या गव्हर्नरांनी जानेवारी २०२३ मध्ये सही केल्यावर मिळाला. काही लोकांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. स्वतःच्या कामाच्या अटींवर बोलण्याची संधी नसलेला माणूस दुसऱ्यांच्या अटी न्यायाने सांभाळेल, ही अपेक्षाच मोठी आहे.

टेबलाआधीचं काम

मुख्याध्यापकांनी वाटाघाटीच्या संघात असावं का, यावर मतं दोन आहेत. एक-दोन मुख्याध्यापक संघात घेणारे जिल्हे आहेत, आणि मुद्दाम न घेणारेही. न घेण्यामागे कारण असतं: दिवसभर टेबलापलीकडे बसून ज्यांच्याशी वाद घातला, त्यांच्यासोबतच दुसऱ्या दिवशी वर्ग चालवायचे. तेवढं मी मान्य करतो. पण संघात न घेणं एक आणि त्यांना न विचारणं दुसरं. न विचारल्याने काय होतं ते एका उदाहरणातून सांगतो.

पगारवाढीच्या प्रत्येक कलमाचा हिशेब होतो. लेखापाल बसतात, टक्क्यांचे तक्ते निघतात, पुढच्या तीन वर्षांचा आकडा पुढे येतो. वेळेच्या कलमांचा हिशेब मात्र कोणी करत नाही. समजा, रात्री उशिरा बोलणी अडली आहेत, आणि पगारात एक टक्का कमी घेण्याच्या बदल्यात संघटना म्हणते की मधल्या सुट्टीतली देखरेखीची १५ मिनिटं शिक्षकांच्या कामातून काढा. मंडळाला हे फुकटात मिटल्यासारखं वाटतं. पैसा जात नाही ना! आता हेच शाळेत आणा. ४० शिक्षक, प्रत्येकाची १५ मिनिटं, म्हणजे ६०० मिनिटं. रोजचे १० तास. मैदानावर, जिन्यावर, जेवणाच्या खोलीत मुलांवर लक्ष ठेवणारे मोठ्या माणसांचे १० तास रोज कमी झाले, आणि ते भरून काढायला नवीन माणूस मंजूर नाही. पहिल्या आठवड्यात जिन्यावर एखादं मूल पडलं की पालकांसमोर उभं कोणाला राहायचंय? मुख्याध्यापकांना.

शिक्षकांची मागणी चूक होती असं मला बिलकुल म्हणायचं नाही. घास पोटात जायच्या आत घंटा होते, हे शिक्षकांचं दुखणं खरं आहे. चूक आहे ती किंमत न मोजता देण्यात. ती किंमत मोजता येणारा माणूस जिल्ह्यात असतो, फक्त त्याला फोन केला जात नाही.

म्हणून जे जिल्हे शहाणपणाने चालतात, ते बोलणी सुरू होण्याच्या बरेच महिने आधी मुख्याध्यापकांना जुना करार समोर ठेवून विचारतात: कोणत्या कलमावर सगळ्यात जास्त तक्रारी आल्या? कोणत्या कलमाचा अर्थ दोन शाळांत दोन प्रकारे लावला जातो? कोणत्या तारखेमुळे तुमचं नुकसान होतं? शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण बदल्यांची प्रक्रिया उन्हाळा संपत आल्यावर पूर्ण होणार असेल, तर रिकाम्या जागेवर बाहेरचा चांगला उमेदवार मुख्याध्यापकांना तोपर्यंत घेताच येत नाही, आणि तो तोवर दुसरीकडे रुजू झालेला असतो. न्यूयॉर्क शहरात २००५ च्या करारापर्यंत सेवाज्येष्ठतेच्या जोरावर ज्येष्ठ शिक्षक दुसऱ्या शाळेत बदली मागू शकत. त्या करारानंतर शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांचीही संमती लागू लागली. मुख्याध्यापकांच्या रोजच्या कामात इतका मोठा फरक पाडणारी कलमं फार थोडी असतील. त्याची दुसरी बाजूही होती. जागा गेलेल्या पण दुसरीकडे निवड न झालेल्या शिक्षकांचा एक राखीव गट तयार झाला, पगार चालू पण कायमचा वर्ग नाही, आणि त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला.

आणखी एक गोष्ट मुख्याध्यापकच सांगू शकतात, ती म्हणजे शब्दांचं वजन. "शक्यतो", "वाजवी", "गरज पडल्यास" हे शब्द वकिलांना सोयीचे वाटतात, कारण त्यांवर दोन्ही बाजू सही करतात. मग "वाजवी" म्हणजे किती, ते ठरवायचं काम सकाळी पावणेआठला कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांवर येतं.

बोलणी चालू असताना

या काळात मुख्याध्यापकांचं काम थोडं पण अवघड असतं: बोलण्यावर ताबा ठेवणं. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना "तुम्हाला पगारवाढीऐवजी मोकळी तासिका मिळाली तर चालेल का हो?" असं सहज विचारलं, तरी तो संघटनेला डावलून केलेला परस्पर सौदा ठरू शकतो. कायद्याने बोलणी फक्त संघटनेशी. अमेरिकेत पर्यवेक्षकांना चार गोष्टी पाठ करून घेतात: धमकावायचं नाही, कोण कुठल्या बाजूचा हे खोदून विचारायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, पाळत ठेवायची नाही.

संप झालाच तर परीक्षा खरी. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांना शाळेत हजर राहावं लागतं, म्हणजे रोज सकाळी स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या रांगेसमोरून फाटकात शिरायचं. तिथे कसं वागायचं हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. नजर चुकवून गेलात तर लक्षात राहतं, आणि थांबून नावाने नमस्कार केलात तरी लक्षात राहतं. संप आज ना उद्या मिटतो. त्या रांगेतली माणसं मिटल्यावर पुन्हा त्याच शाळेत येणार असतात, आणि संपात सामील न झालेलेही तिथेच असतात. दोन्ही गटांना पुन्हा एका बैठकीत बसवणं हे काम मंडळही करत नाही, संघटनाही करत नाही. ते मुख्याध्यापकांच्याच गळ्यात पडतं.

सहीनंतरची तीन वर्षं

बातम्या इथे संपतात. "करार झाला, शाळा सुरू." मुख्याध्यापकांचं काम मात्र इथून सुरू होतं.

पहिली गोष्ट लेखी तक्रार. शिक्षकाला वाटलं की करार मोडला गेला, तर तो ठरावीक दिवसांच्या आत तक्रार मांडतो. पहिली पायरी जवळजवळ नेहमी मुख्याध्यापक. तिथे सुटली नाही तर जिल्ह्याचे अधीक्षक, मग मंडळ, आणि शेवटी बाहेरचा लवाद, ज्याचा निर्णय बऱ्याच करारांत बंधनकारक असतो. नवीन मुख्याध्यापकांची पहिली लेखी तक्रार आली की त्यांना ती स्वतःवरची टीका वाटते. वाटणं साहजिक आहे, पण ती करार वाचून घेण्याची मागणी असते. दोन माणसांनी एकच वाक्य वेगळं वाचलं, एवढंच. पहिल्या पायरीवर दार बंद करून, कलम मधे ठेवून, अर्धा तास शांतपणे बोललं तर बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मान-अपमानाचा प्रश्न केला की तेच प्रकरण वर्षभर वकिलांच्या टेबलावर फिरतं.

दुसरी गोष्ट पायंडा, आणि यावर जरा थांबायला हवं, कारण कामगार कायद्यातली ही कल्पना बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. समजा करारात लिहिलंय की शिक्षकांनी शाळा सुटल्यावर १५ मिनिटं थांबावं. जुने मुख्याध्यापक भले माणूस. शुक्रवारी घंटा झाली की सगळे निघतात, ते स्वतः फाटकाशी उभे राहून निरोप देतात. अशी सहा-सात वर्षं जातात. मग ते निवृत्त होतात आणि नव्या मुख्याध्यापिका येतात. करार वाचतात, कलम बघतात आणि सूचना काढतात: शुक्रवारीही १५ मिनिटं थांबावं. त्यांच्या मते त्या फक्त करार पाळायला सांगताहेत. संघटना म्हणते, हा पायंडा पडलाय. प्रकरण वर गेलं तर लवाद विचारतो: ही गोष्ट ठळकपणे चालू होती का, सतत होती का, बऱ्याच काळापासून होती का, दोन्ही बाजूंना माहीत होती का? उत्तर "हो" आलं तर न लिहिलेली प्रथाही बंधन बनू शकते. करारातलं वाक्य अगदी स्वच्छ असेल तर बरेच लवाद वाक्यालाच धरतात, वाक्य मोघम असेल तर पायंड्याचं पारडं जड होतं. पण निकाल काहीही लागो, शाळेचं एक वर्ष त्या १५ मिनिटांत गेलेलं असतं.

यातून नव्या मुख्याध्यापकांनी काय घ्यायचं? खुर्चीवर बसल्यावर करार वाचायचा हे खरंच, पण त्याबरोबर हेही विचारायचं की इथे आजवर काय चालत आलंय. आणि एखाद्याला सवलत द्यायची असेल तर ती याच वेळेपुरती आहे, हे दोन ओळी लिहून कळवायचं. लिहिण्यात कोरडेपणा वाटतो. पण त्या दोन ओळी नसल्या तर पुढच्या मुख्याध्यापकांना चांगुलपणा करायची भीती वाटायला लागते, आणि ते नुकसान सगळ्यांचं.

तिसरी गोष्ट शिस्तीची कारवाई. बऱ्याच करारांप्रमाणे कारवाई योग्य कारणाशिवाय करता येत नाही. शिक्षकाला अपेक्षा आधी सांगितली होती का, चौकशी नीट झाली का, अशाच चुकीला दुसऱ्याला काय शिक्षा झाली होती, हे सगळं बघितलं जातं. चौकशीच्या बैठकीतून कारवाई होऊ शकते असं वाटलं तर संघटनेचा प्रतिनिधी सोबत मागता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या वाइनगार्टन खटल्यात हा हक्क खासगी क्षेत्रासाठी मान्य केला, आणि अनेक राज्यांनी तो सरकारी नोकरांनाही दिला. ज्या मुख्याध्यापकांना प्रतिनिधी आला की धाक वाटतो, त्यांनी एकदा उलट बाजूने विचार करावा. साक्षीदारासमोर नीट झालेली बैठक त्यांनाही वाचवते.

"करारामुळे हात बांधलेत"

हे वाक्य मुख्याध्यापकांकडून वारंवार येतं. कधी ते खरं असतं. पण कितपत खरं, याचा शोध हार्वर्डच्या सुझन मूर जॉन्सन यांनी १९८० च्या दशकात घेतला. शाळांमध्ये जाऊन त्यांनी पाहिलं की एकाच जिल्ह्यात, एकाच कराराखाली असलेल्या शाळा एकमेकींपेक्षा अगदी वेगळ्या चालतात. एका शाळेत प्रत्येक कलम काटेकोर मोजलं जातं, दुसऱ्या शाळेत शिक्षक आपण होऊन कलमापलीकडे जाऊन काम करतात. फरक बराचसा मुख्याध्यापकांचा होता. जे मुख्याध्यापक शिक्षकांशी न्यायाने वागत आणि शाळा नीट चालवत, त्यांच्यासाठी शिक्षक कलमाकडे बोट दाखवत नसत.

मला यात पुढारपणाचं खरं रूप दिसतं. करार किमान पातळी ठरवतो. त्याच्या वर शाळा किती जाईल ते विश्वासावर ठरतं, आणि विश्वास कलमात लिहिता येत नाही. याचा अर्थ मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या चांगुलपणावर कायमचं उसनवार करावं असा अजिबात नाही. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" म्हणून तयारीच्या तासिका रोज काढून घेणाऱ्यांमुळेच अशी कलमं लिहावी लागली. विश्वास म्हणजे कलम पाळून वर काहीतरी मागणं, आणि मागताना "नाही" ऐकायची तयारी ठेवणं.

अशी मागणी करायची वाट काही करारांतच ठेवलेली असते. न्यूयॉर्क शहराच्या करारात शाळेच्या पातळीवर काही कलमं बदलण्याची सोय आहे. वेळापत्रक वेगळं लावायचं असेल, तर मुख्याध्यापक आणि शाळेतला संघटनेचा प्रतिनिधी यांचं आधी एकमत व्हावं लागतं, आणि मग मतदान करणाऱ्या सभासदांपैकी ५५ टक्क्यांनी होकार द्यावा लागतो. त्याच शहरात प्रतिनिधींच्या सल्लागार समितीने मुख्याध्यापकांना दर महिन्याला भेटायचं असतं. या भेटी नुसत्या उरकल्या तर अर्ध्या तासात संपतात. मनापासून झाल्या तर तक्रार कागदावर येण्याआधीच ती कळते.

लॉस एंजेलिसजवळच्या एबीसी युनिफाइड या जिल्ह्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९३ मध्ये तिथे कडवा संप झाला. त्यानंतर काही वर्षांनी अधीक्षक आणि संघटनेच्या नेतृत्वाने ठरवलं की भांडणाची पद्धत बदलायची, आणि भागीदारी उभी राहिली. विशेष म्हणजे ती वरच्या दोन माणसांपुरती थांबली नाही. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक आणि संघटनेचा प्रतिनिधी नियमित भेटू लागले, प्रशिक्षणालाही जोडीने बसू लागले. रटगर्स विद्यापीठाचे सॉल रुबिनस्टाइन आणि कॉर्नेलचे जॉन मॅकार्थी यांनी या शाळांचा अभ्यास केला. ज्या शाळांत ही भागीदारी भक्कम होती, तिथे शिक्षकांचं आपापसातलं सहकार्य जास्त होतं आणि मुलांची प्रगतीही चांगली होती, असं त्यांना आढळलं. हे वाचताना मला सगळ्यात जास्त भिडली ती प्रतिनिधी आणि मुख्याध्यापकांनी एका बाकावर बसून शिकण्याची गोष्ट. करार वेगवेगळ्या खोल्यांत वाचला की त्याचे दोन अर्थ निघतात. एकत्र वाचला तर निदान मतभेद कुठे आहे हे दोघांनाही एकाच वेळी कळतं.

आता पुन्हा त्या सकाळकडे. तीच मुख्याध्यापिका, पण समजा वर्षाच्या सुरुवातीला तिने प्रतिनिधीला बोलावून विचारलं होतं, "ऐनवेळी तास घ्यायची वेळ येणारच. कसं करायचं?" दोघांनी बसून एक तक्ता केला. कोण कुठल्या तासाला तयार आहे, ते ज्याने त्याने स्वतः लिहायचं. पाळी क्रमाने. घेतला तास की तारीख टाकायची आणि कराराप्रमाणे जादा पैसे त्याच महिन्यात. तक्ता झेरॉक्स मशीनच्या वर चिकटवला, सगळ्यांना दिसेल असा. ७ वाजून ४० मिनिटांनी फोन येतो, विज्ञानाच्या बाईंना ताप आहे. मुख्याध्यापिका तक्त्यासमोर उभ्या राहतात. दुसरा तास. गणिताच्या सरांच्या नावापुढे मागच्या मंगळवारची तारीख आहे. त्याखाली चित्रकलेच्या बाईंचं नाव, पुढे जागा रिकामी. त्या पेन घेतात आणि चित्रकलेच्या खोलीकडे वळतात.